दोन तालुके, एक थंडी

आपल्याला थंडी वाजते की नाही, हे माणसाने स्वतःच ठरवायचे, अशी पद्धत भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत अगदी परवापरवापर्यंत चालू होती. कुणाचा कुणाला मेळ नव्हता. एकाच वर्गात एक मूल कानटोपी, स्वेटर आणि वर मावशीची शाल अशा थाटात बसायचे, तर शेजारचे नुसत्या गणवेशात नाक ओढत बसायचे. मार्गासनीचा माणूस म्हणायचा, जरा गारवा आहे. वेल्ह्याच्या वरच्या अंगाचा माणूस म्हणायचा, मेलो. भोरच्या बाजारपेठेतला म्हणायचा, हॅट्, ही काय थंडी झाली? माणसागणिक थंडी वेगळी. अशाने कारभार चालत नसतो.

म्हणून आमचा कक्ष स्थापन झाला. 'भोर-वेल्हे संयुक्त ऋतुमान व उबदार वस्त्र नियोजन कक्ष' हे त्याचे पूर्ण नाव, आणि 'दोन तालुके, एक थंडी' ही त्याची योजना. या कक्षाचा एकमेव लिपिक मी. नाव इंद्रजित. पुढे जे घडले त्यात माझी तिळमात्र चूक नाही, हे सुरुवातीलाच नमूद करून ठेवतो, कारण शेवटपर्यंत वाचण्याची सवय आजकाल कुणाला राहिलेली नाही. मी तात्पुरता होतो. वर्षभर नोंदी बिनचूक ठेवल्यास कायम करण्याचा विचार करण्यात येईल, असे माझ्या नेमणुकीच्या पत्रात लिहिले होते. कायम या शब्दाची किंमत कायम माणसाला कळत नाही. घरात म्हातारी आई, बायको अश्विनी आणि दुसरीत जाणारी छाया. मी कायम व्हायचो की नाही, यावर या तिघींचे पुढचे सगळे अवलंबून होते.

योजनेचा नियम सुटसुटीत होता. पारा अठरा किंवा त्याखाली आला, की थंडी 'घोषित'. मग प्रत्येक शाळकरी मुलाने कक्षाने दिलेला राखाडी स्वेटर घालायचा म्हणजे घालायचाच. पारा अठराच्या वर असला, की थंडी 'अघोषित'. मग गणवेशावर किंवा गणवेशाच्या आत ऊब देणारे काहीही चालणार नाही. एकाने घातले आणि दुसऱ्याकडे नसले, तर त्या दुसऱ्याच्या मनाला थंडी वाजते, असे आमच्या साहेबांचे म्हणणे होते. साहेब पुण्याहून गाडीने येऊन-जाऊन करायचे, त्यामुळे त्यांना खेड्यातल्या मनाचे बरेच कळायचे. थंडी घोषित झाल्याखेरीज स्वेटरचे गठ्ठे फोडायचे नाहीत, असेही एक कलम होते. गठ्ठे गोदामात आणि किल्ली माझ्या कमरेला.

प्रत्येक शाळेच्या दारात आम्ही एक पाटी लावली. तिच्या एका बाजूला 'आज थंडी आहे', दुसऱ्या बाजूला 'आज थंडी नाही'. मी मोबाईलवर निरोप टाकला, की शाळेने पाटी फिरवायची आणि मुलांनी त्याप्रमाणे वागायचे. पारा सकाळी सातला बघायचा, असे परिपत्रकात होते. पण कार्यालय पावणेदहाला उघडते आणि साहेबांची गाडी अकराला येते. तेव्हा सातची नोंद अकराला घ्यायची आणि ती दुसऱ्या दिवसाला लागू करायची, असा मार्ग साहेबांनी काढला. त्यात कुणाची गैरसोय नव्हती.

राहता राहिला तापमापक. तो पहिले चार दिवस कार्यालयाबाहेर जांभळाच्या झाडाला टांगला होता. पाचव्या दिवशी एका वानराने तो काढून घेतला आणि कौलांवर बसून निरखू लागले. आमच्या ज्ञानू शिपायाने त्याला केळे दाखवून तो परत मिळवला.

साहेबांनी मला आत बोलावले. "सरकारी सामानाच्या डेडस्टॉक रजिस्टरला सही कुणाची आहे?"

"माझी, साहेब."

"वानराची सही घेता आली असती का?"

"नाही, साहेब."

"मग? कायम व्हायचंय का नाही तुला?"

त्या दिवसापासून तापमापक साहेबांच्या खुर्चीमागच्या लोखंडी कपाटात गेला. त्याला दोन कुलपे. रोज अकराला मी कुलपे काढायचो, पारा वाचायचो, नोंद करायचो आणि कुलपे लावायचो. दोन तालुक्यांची थंडी आता पूर्ण सुरक्षित होती.

डिसेंबर लागला आणि साहेबांचे हातपाय आखडू लागले. त्यांनी घरून हीटर आणला आणि खुर्चीच्या मागे, कपाटाला टेकवून ठेवला. त्या दिवशी मी कपाट उघडले तर पारा सव्वीस.

"साहेब, सव्वीस."

"मग थंडी नाही. कळवून टाक." साहेबांच्या कानाला मफलर होता आणि अंगात दोन स्वेटर.

"पण साहेब, आपल्याला तर वाजतीय."

साहेबांनी मफलर सैल केला. "इंद्रजित, ही माझी वैयक्तिक थंडी आहे. वैयक्तिक आणि शासकीय यात गल्लत करायची नसते. सरकारी गाडी आपण घरच्या कामाला वापरतो का?"

वापरता की, असे ज्ञानू दाराआडून म्हणाला. ते मी ऐकले नाही.

त्या आठवड्यात आमच्या करंजटेप गावात गवतावरचे दव पांढरेफटक पडले होते. तोरणा नऊ-नऊ वाजेपर्यंत धुक्यातून बाहेर येत नव्हता. पण पाटी सांगत होती, आज थंडी नाही. फाट्यावर गोरखने चार काटक्या गोळा करून शेकोटी पेटवली, तेव्हा मला जाऊन ती विझवावी लागली. थंडी नसताना शेकोटी पेटवणे म्हणजे अफवा पसरवणे होय. गोरख माझा शाळेतला सोबती. त्याने बादलीभर पाणी आपणच आणून ओतले.

आता घरचे सांगतो, कारण खरी गोम तिथे होती. माझी आई साळूबाई. तिचे वय विचारले तर 'लई झालं' एवढेच सांगते. आमच्या पडवीत रोज सकाळी साडेसहाला तिचे कार्यालय उघडायचे. आळीतली सगळी पोरे शाळेला जाताना तिच्यापुढून जायची. ती प्रत्येकाच्या मानेवर, केसांच्या खाली, दोन बोटे आत घालायची. मग पायाचा अंगठा चिमटीत धरायची आणि निकाल द्यायची. "एक कापड." "दोन कापडं." "दोन कापडं आन् कान." कुणाचा निकाल उलटाही यायचा. "तू रं, काड त्यो कोट. घाम सुटलाय तुला, सांजंला खोकशील." ज्याच्याकडे कापड नसेल त्याला ती पत्र्याच्या पेटीतून काढून द्यायची. पेटीत माझे लहानपणीचे सदरे, कुणाचे विटके स्वेटर, लुगड्यांच्या वाकळी. या कार्यालयाला ना रजिस्टर, ना शिक्का, ना पारा. आणि आळीतले पोर सहसा आजारी पडत नसे, हा तर कामकाजातला सरळसरळ हस्तक्षेप होता.

"आई, हे बंद कर," मी म्हणालो. "माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. थंडी ठरवणारी तू कोण?"

"म्या कुटं ठरीवती? पोराची मान ठरीवती. म्या नुस्ती इचारती."

"मानेला काय कळतंय?"

"तुज्या मानंला कळत व्हतं लहानपनी. आता टाय बांदतूस तवापासनं कळंना झालंय."

मी टाय बांधत नाही. ओळखपत्राची नाडी असते. पण आईशी वाद घालून कुणाचे भले झाले आहे?

लिपिकाच्या घरचे मूल आदर्श असले पाहिजे, असे साहेबांनी मला दोनदा बजावले होते. त्यामुळे छाया नुसत्या गणवेशात शाळेला निघायची. हाताची घडी छातीशी घट्ट, खांदे कानापर्यंत. एकदा पाटीपाशी येऊन थांबली.

"पप्पा, मला थंडी वाजतीय."

"पाटी वाच बरं."

छाया वाचनात हुशार. तिने बोट ठेवून वाचले, "आज थंडी नाही." पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाली, "मग मला काय होतंय, पप्पा?"

या प्रश्नाचे उत्तर परिपत्रकात नव्हते. मी तिला वर्गात पाठवले. घरी अश्विनी म्हणाली, "अहो, लेकराचे दात वाजत्यात, तुमाला दिसत न्हाई का?" मी तिला समजावून सांगितले की दात वाजणे हे लक्षण आहे, पुरावा नव्हे. त्यावर तिने भाकरी तव्यावर अशी टाकली की तवाच हलला.

जानेवारीत वरून विचारणा आली की काही मुले गणवेशाच्या आत काहीतरी घालत असल्याचा संशय आहे. साहेबांनी 'दडवलेली ऊब शोधमोहीम' काढली आणि पहिली तपासणी मला नेमून दिली ती करंजटेपच्या शाळेत. शाळेच्या मंगल मॅडम दारातच भेटल्या. त्या कौतुकाने सांगू लागल्या, "सर, पंधरा दिवसांत सगळी मुलं अशी भरलीत म्हणून सांगू! पोषण आहाराचा गुण असणार." मी मुलांची रांग केली. मुले खरोखरच भरली होती. पण भरली होती ती फक्त गळ्यापासून कमरेपर्यंत. हातपाय काटक्याच होते.

रांगेत तिसरी छाया. तिच्या गणवेशाच्या आत, पाठीला आणि पोटाला, वाकळीचा तुकडा टाचलेला होता. शिवण पाहताच मी ओळखली. असा तिरका टाका या खोऱ्यात एकच बाई घालते. तुकडा हिरव्या लुगड्याचा, मध्ये चौकटीच्या सदऱ्याचे ठिगळ, आणि ठिगळावर निळ्या शाईचा डाग. तो सदरा माझा होता. तिसरीत असताना मी त्याच्यावर दौत सांडली होती, आणि आईने मला मारले नव्हते.

सगळी पोरे माझ्याकडे बघत होती. ज्ञानू पंचनाम्याचा कागद धरून उभा होता. "लिहू का?" त्याने विचारले. मी म्हणालो, लिही. वाकळीचा तुकडा, एक नग, हिरवा, हाताची शिवण, जप्त. मला लाज वाटली. हे मी नोंदवहीत लिहिलेले नाही, तुम्हाला नुसते सांगतो आहे.

संक्रांतीच्या आत छाया खोकल्याने अंथरुणाला खिळली. छातीत घरघर, डोळे खोल गेलेले. वेल्ह्याच्या डॉक्टरांनी विचारले, "थंडीत उघडी फिरली का?"

"थंडी नव्हती," मी म्हणालो.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले, बाहेरच्या धुक्याकडे पाहिले, आणि माझे काम कुठले ते विचारून औषध लिहून दिले. नऊ दिवस पोर झोपून होती. आई तिच्या उशाशी बसून होती आणि माझ्याशी चकार शब्द बोलत नव्हती. अश्विनी बोलत होती. ते मी इथे देत नाही.

फेब्रुवारीअखेर आमचा अहवाल गेला. 'चालू हंगामात दोन्ही तालुक्यांत एकही दिवस थंडी पडलेली नाही.' साहेबांना वाटले होते, पाठ थोपटली जाईल. उलट वरून पत्र आले की थंडी पडली नाही तर स्वेटर का घेतले, आणि स्वेटर घेतले तर थंडी का पडली नाही, याचा खुलासा करावा. साहेबांचे जेवण तुटले. आठ दिवस ते फक्त चहावर होते. माझ्या कायम होण्याचा कागद त्यांच्या ड्रॉवरमध्ये तसाच पडून होता.

पण म्हणतात ना, देव तारी त्याला कोण मारी. कार्यालयाच्या आधुनिकीकरणाचे मार्चअखेरीला मंजूर झालेले सामान एप्रिलच्या मध्यावर अचानक आले. त्यात साहेबांच्या खोलीसाठी एसी होता. मोकळी भिंत कपाटावरचीच होती, म्हणून तो बरोबर कपाटाच्या डोक्यावर बसवला. बसवणाऱ्या माणसाने सोळावर लावून दाखवला आणि जाताना रिमोट आपल्या पिशवीत घालून घेऊन गेला. तेव्हापासून तो सोळावरच आहे. बंद करायला भीती वाटते, कारण परत चालू झाला नाही तर डेडस्टॉकला सही माझी आहे.

सतरा एप्रिलला मी नेहमीप्रमाणे अकराला कपाट उघडले. बाहेर रस्त्याचे डांबर चपलेला चिकटत होते, आणि फाट्यावरची कुत्री टेम्पोच्या खाली जाऊन जिभा काढून पडली होती. पारा सतरा होता.

"साहेब," मी म्हणालो, "सतरा."

साहेब खुर्चीतून उठून उभेच राहिले. "आली?"

"आली, साहेब."

"बघ! मी म्हणत नव्हतो? सरकारी कामाला उशीर होतो, पण होतं." त्यांचे डोळे पाणावले. "गठ्ठे फोड. दोन्ही तालुक्यांना कळव. थंडी घोषित."

"पण साहेब, बाहेर..."

"बाहेर काय?"

साहेबांचा हात ड्रॉवरवर होता. त्या ड्रॉवरमध्ये माझा कागद होता. मी खिडकीबाहेर पाहिले. आईचा हात आठवला, छायाची घरघर आठवली, आणि पोटही आठवले.

"बाहेर काही नाही, साहेब," मी म्हणालो.

मग चक्रे अशी फिरली की विचारू नका. थंडी घोषित म्हटल्यावर थंड पेयांना मनाई आली. गोरखने उन्हाळ्यापुरती फाट्यावर रसवंती टाकली होती. मी आणि ज्ञानू ती बंद करायला गेलो आणि तिथे आल्याचा चहा विकण्याची सूचना दिली.

गोरख कमरेवर हात ठेवून म्हणाला, "इंद्रजित, डिसेंबरात माजा इस्तू इजवायला आलास. आता बरफ इजवायला आलाईस व्हय?"

"नियम आहे, गोरख."

"बरं. मंग मदी कदीतरी माजं डोस्कं बी इजवून जा. लई तापलंय."

वाटपाचा सोहळा करंजटेपच्या शाळेत ठरला, तो साहेबांच्या सोयीने दुपारी एक वाजता. मैदानात पत्र्याचा मांडव. बासष्ट मुलांना राखाडी स्वेटर घातले. डिसेंबरच्या कडाक्याच्या हिशेबाने विणलेले असल्यामुळे ते गुडघ्यापर्यंत येत होते आणि गळा बंद होता. पाटी फिरवून 'आज थंडी आहे' अशी बाजू पुढे केली. गावकरी घाम पुसत बसले होते. एकदोघांनी उगाच अडचण नको म्हणून मफलर गुंडाळले होते. मांडवाच्या मागे पाण्याच्या पिंपाजवळ आई बसली होती.

साहेब भाषणाला उभे राहिले. छाया पहिल्या रांगेत, आदर्श मूल म्हणून. तिचा चेहरा लालभडक झाला होता आणि केस कपाळाला चिकटले होते. मी हळूच जाऊन वाकलो.

"छाया, उकडतंय का गं?"

तिने माझ्याकडे पाहिलेच नाही. मान वळवून पाटी वाचली. या वेळी बोट ठेवायची गरज पडली नाही.

"नाही पप्पा," ती म्हणाली. "आज थंडी आहे."

आणि तिथेच कोसळली.

पुढचे सगळे मी बघत राहिलो, एवढेच माझ्याकडून झाले. आई कधी धावली, कळलेच नाही. "व्हा बाजूला, मुडद्यांनो!" म्हणत तिने पोरीला मांडीवर घेतले, तो स्वेटर डोक्यावरून खसकन ओढून काढला आणि पिंपातले पाणी तांब्याने तिच्या डोक्यावर ओतले. छायाने डोळे उघडले. मग आई उठली आणि रांगेतून चालत गेली. एकेका पोराच्या मानेवर बोटे ठेवत होती. "काड. तू बी काड. काड रं." बासष्ट स्वेटरचा धुळीत ढीग झाला. पोरे मोकळा श्वास घेत हसायला लागली. साहेब माईक धरून तसेच उभे होते.

"कोण आहे ही बाई?" त्यांनी मला विचारले.

आता बघा, या प्रश्नाचे उत्तर दोन अक्षरी होते. लहान पोरालाही येते.

"गावातलीच कुणीतरी आहे, साहेब," मी म्हणालो.

"कुणीतरी कसली?" ज्ञानू मागून म्हणाला. "हेची आई हाय ती."

साहेबांनी माईक खाली ठेवला. मग म्हणाले, "घोषित थंडीत शासकीय ऊब विनापरवाना काढली. नोटीस काढ. तूच काढ. तुझ्या निःपक्षपातीपणाची ही परीक्षा समज. कागद ड्रॉवरमध्येच आहे."

मी नोटीस काढली. टाइप केली, शिक्का मारला आणि घरी जाऊन पडवीत बसलेल्या आईला बजावली. तिला वाचता येत नाही, म्हणून वाचूनही दाखवली. आपण कोणत्या अधिकारात शासकीय ऊब काढून टाकली, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा. तिला लिहिता येत नाही, म्हणून खुलासाही मीच लिहून घेतला.

"लिव्ह," आई म्हणाली. "पोर उकडून निगाली व्हती. म्हनून काडला."

"उकडल्याचा पुरावा काय?"

"ह्यो." तिने आपला हात पुढे केला. कातळावर वाळलेल्या शेवाळासारखा तो हात. मग तोच हात तिने माझ्या मानेवर ठेवला, केसांच्या खाली, आणि दोन बोटे आत घातली. किती वर्षांनी. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "इंद्या," ती हळूच म्हणाली, "तुजी मान लई गार लागतीय रं लेका." मला तेव्हा घाम आलेला होता, म्हणून तसे लागले असेल.

खुलासा अमान्य झाला. नोंदीनुसार त्या दिवशी पारा सतरा असल्याने उकडणे शक्य नव्हते. हाताने थंडी तपासण्यास दोन्ही तालुक्यांत मनाई करण्यात आली. स्वेटर वाटपाचे उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण झाले. आणि सख्ख्या आईला नोटीस बजावणारा कर्मचारी म्हणून तीस एप्रिलला मला कायम करण्यात आले. मी पेढे आणले. अश्विनीने देवापुढे ठेवले. छायाने एक खाल्ला. आईने घेतला नाही, तिला गोड चालत नाही. पूर्वी चालायचे.

आता पुन्हा डिसेंबर आहे. योजना इतकी नावाजली गेली की पाट्या काढून आता सगळे मोबाईलवर दिले आहे. घरोघर लोक सकाळी उठले की पांघरुणातून हात बाहेर काढून मोबाईल बघतात, आणि मग थंडी वाजवून घेतात किंवा घेत नाहीत. आई अजून साडेसहाला पडवीत बसते, पण हात पदरात घेऊन. पोरे तिच्यापुढून मोबाईल बघत निघून जातात. मी एकदा म्हटले, "आई, घरातल्या घरात बघितलंस तर कोण विचारतंय?" ती म्हणाली, "न्हाई बाबा. कायद्यानं बंद हाय. माज्या ल्योकाचीच सही हाय त्येच्याव."

काल सकाळी छाया शाळेला निघाली आणि उंबऱ्यात थांबली. एका हातात स्वेटर. तो घालावा की ठेवावा, तिला समजत नव्हते. ओठ किंचित निळे दिसत होते, किंवा उजेडच तसा असेल.

"पप्पा," तिने विचारले, "मला थंडी वाजतीय का?"

मी तिच्या मानेवर हात ठेवला. आई ठेवायची तसा, केसांच्या खाली, दोन बोटे आत. बराच वेळ ठेवला. हाताला काहीच कळेना. गार होते की ऊन, तिची मान की माझी बोटे, काही म्हणजे काही कळेना. आई पडवीतून बघत होती. पोर माझ्या तोंडाकडे बघत होती. शेवटी मी दुसऱ्या हाताने खिशातला मोबाईल काढला.

तुम्ही हसलात. हसा की, मी कायम आहे, मला काय फरक पडतो? फक्त एक सांगा. तुम्ही आत्ता बसला आहात तिथे थंडी आहे, की उकडते आहे?

अहं. तो मोबाईल आधी खाली ठेवा, आणि मग सांगा.